आधी छापून आलेली सहल

आमच्या नववीच्या वर्गाने विधानभवनाला दिलेल्या भेटीची बातमी भिवंडीत पुष्कळांनी वाचली असेल. पहिल्या पानावर होती, फोटोसकट. 'विद्यार्थी भारावून गेले', 'लोकशाहीचे मंदिर पाहून धन्य झाले', वगैरे वगैरे. ती बातमी मी लिहिली. सहलीच्या आदल्या दिवशी लिहिली. तेव्हा आम्ही गावाच्या वेशीवरचा अंजूरफाटासुद्धा ओलांडला नव्हता.

म्हणून ही दुसरी हकीकत. जे आले नाहीत त्यांच्यासाठी, आणि पहिली वाचून ज्यांना वाटतं की आपल्याला सगळं कळलं, त्यांच्यासाठी तर जास्तच.

सोमवार ते बुधवार: भिवंडी

आमच्या गावचं साप्ताहिक शुक्रवारी निघतं. शुक्रवारी लूम बंद, माणसं मोकळी, चहाच्या हॉटेलात बसून पेपर वाचायला वेळ असतो. पण अंकाचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, हाताने जुळवतात, म्हणून मजकूर बुधवारी संध्याकाळी छापखान्यात पोचावा लागतो. फोटोचा ब्लॉक ठाण्याहून करून आणायला दोन दिवस, म्हणून फोटो सोमवारीच काढावा लागतो. आणि सहल होती गुरुवारी.

दुसऱ्या गावात असं झालं असतं तर माणसं म्हणाली असती, बातमी पुढच्या अंकात येऊ द्या. आमच्याकडे तसं म्हणत नाहीत. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांना याच शुक्रवारी फोटो हवा होता, कारण पुढच्या शुक्रवारी त्यांच्या मुलाच्या साखरपुड्याचा फोटो यायचा होता.

सोमवारी मधल्या सुट्टीत मुलांना शाळेसमोर उभं केलं. एस.टी.ची गाडी सोमवारी कुठून येणार? फाटकाशी सुताच्या कोनांचा एक टेम्पो उभा होता. त्या उभ्या टेम्पोला अध्यक्षांनी हिरवा झेंडा दाखवला. टेम्पोवाला बिचारा घाबरून गाडी सुरू करायला धावला. मुलांच्या हातात कापडी फलक दिला होता, त्यावर अध्यक्षांचं नाव सगळ्यात मोठं. फलक इतका उंच धरायला लावला की फोटोत एकाही मुलाचं तोंड आलं नाही. खाली नुसते पाय. त्यातले बरेच अनवाणी.

बुधवारी हेडसरांनी मला बोलावलं. "तुमची भाषा चांगली आहे. अध्यक्षांच्या नावासकट लिहा. झालं असं लिहा."

"झालं नाही अजून, सर."

"होणारच आहे ना?"

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. वडील कचेरीत शिपाई होते, त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेले कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेले. तुमची भाषा चांगली आहे असं कोणी म्हटलं की मला अजूनही बरं वाटतं. त्या बरं वाटण्यात मी पाऊण तासात बातमी लिहून दिली. 'आमदार महोदयांनी विद्यार्थ्यांना मौलिक मार्गदर्शन केले' हे वाक्य माझंच. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने हे केलं, त्याची लाज मी इथे लिहून ठेवतो. बाकीच्यांनी आपापली लाज आपापल्या जागी शोधावी.

गुरुवार सकाळ: अंजूरफाटा ते कशेळी

गाडी सातला निघायची ती पावणेआठला निघाली. मुलांबरोबर मी, आणि मुलींबरोबर जोशीबाई. बाई मराठी शिकवतात, ब्राह्मण आळीतल्या, शाळेत माझ्याहून बारा वर्षं जुन्या, बोलायला फटकळ. गाडीत चढतानाच त्यांनी मुलींना बजावलं, "पाणी जपून प्या गं. वाटेत सोय नाही."

मागच्या बाकावरून विमल म्हणाली, "बाई, आम्हाला सवय आहे."

ही विमल या हकीकतीत पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगतो. वस्तीतली मुलगी, बाप लूमवर कांड्या भरतो, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळतो. वर्गात पहिल्या तिघांत तिचा नंबर. नववी झाली की शाळा सोडवायची आणि तिलाही कांडीवर बसवायचं, असं घरात ठरत आलेलं. कारण पैशाचं नव्हतं. कारण आमच्या शाळेत मुलींना संडास नाही. मुलगे भिंतीमागे जातात. मुली अकरा ते साडेपाच कुठेच जात नाहीत. पाचवीत अर्धा वर्ग मुलींचा असतो, दहावीत एक बाक उरतो. महिन्यातले चार दिवस मुलगी घरी, मग आठवडा, मग कायमची. जोशीबाईंची नणंद शाळेसमोरच्या घरात राहते म्हणून बाईंची नोकरी टिकली, हे त्या स्वतः सांगतात. हेडसरांच्या ऑफिसामागे एक आहे, पण तो 'स्टाफचा', म्हणजे हेडसरांचा.

पूर्णा गाव आलं तशी गाडीत धुराचा वास शिरला. मार्च महिना, शेतात राबाचा पालापाचोळा भाजत होते. भात केव्हाच निघालेलं, कुठे कुठे वालाचे वेल सुकून पडलेले. मध्येच एखाद्या शेतात भरावाची माती पडलेली आणि नव्या गोदामाचे पत्रे चकाकत होते. एक मुलगा म्हणाला, "सर, हे आमच्या मामाचं शेत होतं." कुणाला विकलं ते त्याला माहीत नव्हतं. मामालाही नीटसं माहीत नव्हतं म्हणे.

कशेळीच्या पुलावर खाडीला ओहोटी होती. रेतीच्या होड्या चिखलात तिरक्या बसलेल्या. पुलापलीकडे गाडीच्या इंजिनाच्या पंख्याचा पट्टा तुटला, ड्रायव्हर खाली उतरला आणि जोशीबाईंकडे बघून म्हणाला, "बाई, एखादी जुनी ओढणी मिळंल का?" बाई म्हणाल्या, "माझं लग्न झालं तेव्हापासून मी ओढणी घेत नाही." शेवटी आमचा कापडी फलकच फाडला. अध्यक्षांच्या आडनावाची पट्टी पंख्याला गुंडाळून आम्ही ठाण्याच्या डेपोपर्यंत गेलो आणि तिथे नवा पट्टा मिळाला. अध्यक्षांचा या सहलीला एवढा एक उपयोग झाला, आणि तो बातमीत नाही.

गुरुवार दुपार: मुंबई

विधानभवनाच्या दारात आमच्याकडून वह्या, पेनं, डबे, सगळं काढून घेतलं. गॅलरीत काही नेता येत नाही. मी मुलांना आठवडाभर सांगत होतो, प्रत्येकाने दोन पानं टिपणं काढायची. आता काय? मी म्हटलं, डोक्यात लिहा.

दारावरचा शिपाई वयस्कर होता, वडिलांच्या चालीचा. त्याने मुलांना ओळीत घेतलं आणि म्हणाला, "आत टाळ्या वाजवायच्या न्हाईत. पायावर पाय टाकायचा न्हाई. झोप आली तर चालंल, खालीबी झोपलेले दिसतील."

खाली खरंच एक-दोघे पेंगत होते. पण मुलांना त्यात विशेष वाटलं नाही, रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपलेला त्यांनी रोज पाहिलेला असतो. त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. सभागृहाच्या मधोमध टेबलाशी दोन माणसं मान खाली घालून सारखी लिहीत होती. थोड्या वेळाने दुसरी दोघं आली, खुर्च्या सरकल्या, पहिले उठून गेले. बोलणारा बोलतच होता, लिहिणं तुटलं नाही.

विमल माझ्या कानाशी कुजबुजली, "सर, यांची शिफ्ट एवढी बारकी?"

"ते लघुलेखक. सगळं उतरवून घेतात. शब्दन् शब्द."

"खोटं बोललं तरी?"

"तरी. कोण बोललं त्याच्या नावासकट."

"मग त्याला नंतर नाही म्हणता येत नाही?"

"नाही येत."

ती पुढे सगळा वेळ त्या टेबलाकडेच बघत होती. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात त्या टेबलाबद्दल एक ओळ नाही. मी सहा वर्षं शिकवतोय, माझ्याही डोक्यात ते कधी आलं नव्हतं.

बाहेर आलो आणि मुली नाहीशा झाल्या. आधी चार, मग सगळ्या. जोशीबाईपण नाहीत. अर्धा तास गेला. आम्हाला भेट द्यायला जिल्ह्यातले एक आमदार येणार होते, त्यांचा माणूस घड्याळ बघत होता. शेवटी बाई आल्या, पदराने तोंड पुसत.

"कुठे होतात?"

"संडासात," बाई म्हणाल्या. मोठ्याने म्हणाल्या. "नळाला पाणी आहे. दाराला आतून कडी आहे. प्रत्येकीला जायचं होतं, प्रत्येकीला कडी लावून बघायची होती. मी मध्ये पडले नाही."

एक मुलगी दोनदा जाऊन आली. तिला विचारलं तर म्हणाली, "सर, परत कधी येणार?" यावर हसणाऱ्यांनी हसावं. मला तिथे संगमरवरावर उभं राहून संताप आला. पंचवीस-तीस मैलांवरून लोकशाही बघायला आणलेल्या मुलींना त्या सगळ्या इमारतीत सर्वांत नवलाची वस्तू कोणती दिसली, तर कडी.

आमदार आले. पांढरे कपडे, घाईत, पण माणूस बरा वाटला. कुठले ते लिहीत नाही. त्यांनी दोन-चार वाक्यं म्हटली आणि विचारलं, "काही शंका?"

मी मुलांना शिकवून आणलेला प्रश्न होता, विधेयकाचा कायदा कसा होतो. तो एका मुलाच्या ओठांवर तयार होता. त्याआधीच विमल बोलली.

"साहेब, आमच्या शाळेत मुलींना संडास नाही. आम्ही सकाळपासून पाणी पीत नाही. मुली शाळा सोडतात. मला पण सोडायला लावणार आहेत. हे कुणी लिहून घेतं का?"

आमदार माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बघायला लागलो. जोशीबाई म्हणाल्या, "खरं आहे ते."

"कुठली शाळा?" विमलने सांगितलं. "नाव काय तुझं?" तेही सांगितलं.

त्यांनी घड्याळ बघणाऱ्या माणसाला हाताने थांबवलं. मग म्हणाले, "बाळ, आत बोललेलं लिहून घेतात. इथे बाहेर बोललेलं मीसुद्धा संध्याकाळपर्यंत विसरेन, खोटं कशाला सांगू? तुमच्या गावात पेपर आहे ना? त्यात हे छापून आण, तू काय विचारलंस आणि मी काय म्हणालो. कात्रण मला पाठव. कात्रण समोर असलं की मला पत्र लिहिता येतं, संस्थेला नाही म्हणता येत नाही. महिन्यात काम करून घेतो."

विमलने विचारलं, "नक्की?"

"कात्रण पाठव. मग नक्की."

जेवायला समुद्राच्या कठड्यावर बसलो. ऊन मरणाचं, पण वारा होता. मुलांच्या डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी, जोशीबाईंच्या डब्यात दडपे पोहे. कावळ्याने बाईंच्या पोह्यांवर झडप घातली, सुकटीला चोच लावली नाही. "मुंबईचा कावळा, बामण झालाय," मागून कोणीतरी म्हणालं. बाईंनी मागे न बघता सांगितलं, "उद्या वर्गात नाव सांगायचं." ऑफिसातली माणसं डबे झाकून बाजूने जात होती, आणि पुढे बसच्या रांगेत उभी राहत होती. आमच्याकडे रांग म्हणजे रेशन.

परतीच्या वाटेवर मुलं वह्या काढून लिहायला बसली. गाडी हलते म्हणून अक्षर वाकडं, पण एकाला जे आठवेना ते दुसऱ्याने सांगितलं. आमदारांचं वाक्य कसं होतं यावर मुलुंड येईपर्यंत भांडण झालं. 'करून देतो' म्हणाले की 'करून घेतो'? शेवटी मतदान झालं आणि 'करून घेतो' निवडून आलं. अशी ती बातमी तयार झाली. माझ्यापेक्षा चांगली होती. एकही विशेषण नव्हतं.

शुक्रवार: पुन्हा भिवंडी

सकाळी मी ती घेऊन संपादकांकडे गेलो. छापखाना गल्लीच्या टोकाला, शाईचा आणि रॉकेलचा वास. ताज्या अंकाचे गठ्ठे दारातच. वरच्या अंकावर हिरवा झेंडा, फलक आणि पाय.

"या मास्तर," संपादक म्हणाले. "पहिलं पान दिलंय."

"ती बातमी खोटी आहे. ही खरी. पुढच्या अंकात घ्या."

त्यांनी चष्मा लावला, उभ्या उभ्या वाचलं, चष्मा काढला. मग टेबलावरच्या खिळ्याला टोचलेल्या कागदांतून एक उपसून माझ्यापुढे धरला. "हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"मग खोटं कोण बोललं?"

ते पुढे म्हणाले, "एका सहलीची बातमी दोनदा कशी छापू? लोक म्हणतील दोनदा गेले काय. आणि हे संडासाचं प्रकरण! घराघरात अंक जातो. बायामाणसं वाचतात."

"बायामाणसांचंच आहे ते."

"मास्तर, तुम्ही तरुण आहात." अंकाच्या शेवटच्या पानावर अध्यक्षांच्या सुताच्या दुकानाची पानभर जाहिरात होती. त्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. इतका सभ्यपणा आम्हा दोघांत होता.

वही बगलेत दाबून तरातरा बाहेर आलो. समोरच्या हॉटेलात रशीदचाचा बसलेले. पूर्वी लूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते, आता मुंबईच्या एका उर्दू अखबाराला गावच्या खबरा पाठवतात आणि रोज तोच अखबार हॉटेलात मोठ्याने वाचून दाखवतात, कारण ऐकणाऱ्या निम्म्यांना वाचता येत नाही.

"क्या मास्टरजी, किस पे भडके हो?"

मी सगळं सांगितलं आणि वहीचं पान पुढे केलं. त्यांनी हात लावला नाही.

"आपका लिखा तो छप गया आज. वो देखो, भजिया उसी में बँधी है। बच्ची को लाओ. मैं उससे पूछूँगा।"

मला ते लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

दुपारी मधल्या सुट्टीत जोशीबाई विमलला घेऊन आल्या. हॉटेलात बायका शिरत नाहीत, म्हणून रशीदचाचांनी बाकडं बाहेर काढलं. त्यांनी विचारलं, तिने सांगितलं, ते उजवीकडून डावीकडे लिहीत गेले. प्रत्येक वाक्य झाल्यावर वाचून दाखवायचे. एका ठिकाणी ती म्हणाली, "मी 'विनंती' नाही म्हटलं, चाचा. मी विचारलं."

"अच्छा. काट दिया."

सोमवारी छापून आलं. पाचव्या पानावर, बोटभर. विमलचा बाप ज्या कारखान्यात होता तिथे हिशेब ठेवणाऱ्या मुन्शीने सुट्टीत वाचलं आणि लूम सुरू झाल्यावर त्या आवाजात ओरडून विचारलं, "ए, ये तेरी लड़की है क्या?" बापाने पुढे मला येऊन सांगितलं, "सर, मला वाटलं काय गुन्हा केला पोरीनं. पाच-पन्नास माणसं माझ्याकडं बघत व्हती. मी म्हनलं, हाय."

"रागावलात?"

"आधी लय. मग मुन्शीनं समदं वाचलं. त्याची पोरगी बी घरीच बसलीय."

कात्रण रजिस्टर पोस्टाने गेलं. आमदारांना उर्दू येत नसणार, म्हणून खाली विमलने मराठीत सगळं लिहिलं आणि आम्ही दोघांनी, बाईंनी आणि मी, 'बरोबर आहे' म्हणून सह्या केल्या.

आठवड्याने हेडसरांनी मला कारणे दाखवा नोटीस दिली. "शाळेची अब्रू उर्दूत गेली," ते म्हणाले.

"आधी मराठीतच घालवायला गेलो होतो, सर. जागा नव्हती."

नोटिशीला मी तीन पानी उत्तर दिलं. त्याचं पुढे काय झालं मला कळलेलं नाही. पण आमदारांचं पत्र संस्थेला आलं ते मात्र सगळ्यांना कळलं, कारण एप्रिलमध्ये विटा पडल्या आणि मेमध्ये शाळेमागे दोन संडास उभे राहिले. पत्र्याचे दरवाजे, आतून कडी.

जून: शाळा सुरू

विमल दहावीत आली. बापाने फी स्वतः येऊन भरली.

पहिल्या दिवशी दोन्ही दारांना बाहेरून कुलूप. शिपाई म्हणाला, चावी हेडसरांकडे, तपासणीला साहेब लोक येतात तेव्हा उघडायचे, पोरी घाण करतात. मला हे कळलं तेव्हा मी तासावर होतो. खडू ठेवून ऑफिसकडे गेलो तर दारात आधीच मुली उभ्या. पुढे विमल.

"सर, उघडायला सांगा," ती हेडसरांना म्हणत होती.

"वापरायचं वळण लागलं की बघू."

"वापरल्याशिवाय कसं लागेल?"

"तू फार बोलतेस. वर्गात जा."

ती हलली नाही. आवाजही चढवला नाही. "जाते. सुटल्यावर रशीदचाचांकडे जाऊ का मग? ते म्हणाले होते, पुढे काय झालं ते सांगायला ये. मी झालं तेवढंच सांगेन, सर."

हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहत होतो. त्यांनी खण ओढला, चावी काढली, टेबलावर ठेवली.

विमल म्हणाली, "चावी नको, सर. कुलपं द्या."

दोन्ही कुलपं सध्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत. ज्यांना परत हवी असतील त्यांनी लेखी अर्ज करावा, कारणासह, आणि खाली स्वतःचं नाव घालून.